देशी हिस्सा, सरकारी खरेदी आणि आपला कारखाना: सातारा-सांगलीच्या लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, सातारा, शिरवळ आणि तासवडे येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम, मशीनिंग किंवा फॅब्रिकेशन करणाऱ्या बहुतेक कारखान्यांचा सरकारी निविदेशी थेट संबंध येत नाही. त्यांचा माल पुण्याच्या किंवा त्याहून दूरच्या मोठ्या कंपनीकडे जातो, तेथे तो पंपाचा, इंजिनाचा किंवा विजेच्या यंत्राचा भाग होतो आणि मग कोणत्या तरी सरकारी खरेदीत पोहोचतो. त्यामुळे देशी मालाला प्राधान्य देण्याचा नियम येथे कळतो तो गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागाच्या दोन ओळींच्या मेलमधून: ‘आपल्या मालातील आयातीचा वाटा किती, ते सही-शिक्क्यानिशी दोन दिवसांत कळवावे.’ उत्पादनखर्चाचा हिशेब हेच माझे काम असल्याने अशा मेलनंतर येणारे फोन मी गेली काही वर्षे घेत आहे. पुढील प्रश्न त्या फोनांवरचे आहेत. आदेशांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून निविदा भरताना त्या दिवशी लागू असलेला मूळ आदेश पाहणे आवश्यक आहे.

देशी मालाला प्राधान्य देण्याचा नियम नेमका कोणता?

असा एकच नियम नाही, आणि निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो. केंद्र सरकार स्वतःसाठी जी खरेदी करते, तिला १५ जून २०१७ चा ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश लागू आहे; त्यात २०१८, २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये दुरुस्त्या झाल्या. संरक्षण दलांच्या भांडवली खरेदीला संरक्षण खरेदी कार्यपद्धती २०२० लागू होते. सौर आणि पवन ऊर्जेत मान्यताप्राप्त उत्पादकांच्या याद्या आहेत. वाहने आणि बॅटरी यांच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ‘पीएलआय’ म्हणतात त्यात, देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट आहे. याशिवाय आयातशुल्क आणि दर्जा नियंत्रण आदेश आहेतच. हे सारे नियम ‘देशी’ हा एकच शब्द वापरतात, पण तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने मोजतात. म्हणून गिऱ्हाईकाने दाखला मागितला, तर पहिला उलट प्रश्न हाच असावा की दाखला कोणत्या नियमाखाली हवा आहे.

सामरिक तंत्रज्ञान म्हणजे चिप आणि क्षेपणास्त्रे. त्यात आमच्या भट्टीचा काय संबंध?

ज्या वस्तूचा पुरवठा परक्या देशाने रोखला तर आपली वीज, वाहतूक, दळणवळण किंवा संरक्षण अडते, तिचे तंत्रज्ञान सामरिक मानले जाते. चिप, बॅटरीचे सेल, सौर सेल आणि दुर्मीळ मृदा चुंबक ही आजची ठळक उदाहरणे होत. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटारींपर्यंत त्याची झळ पोहोचली. मोटारीतील चुंबक आकाराने लहान असतो, परंतु तो आला नाही तर मोटार होत नाही, मोटार नाही म्हणून गाडी निघत नाही, आणि गाडी निघाली नाही की त्या मोटारीचे आवरण ओतणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्याचे पुढच्या महिन्याचे शेड्यूल कापले जाते. चिपच्या टंचाईच्या काळात हे सर्वांनी अनुभवले आहे. भट्टीचा संबंध आहे तो असा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशातच असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे फळ दिसायला अर्थातच वेळ लागेल.

स्थानिक हिस्सा कसा मोजतात? आमच्याकडे तर सगळे कामगार इथलेच आहेत.

कामगार कुठले आहेत, शेवटचा बोल्ट कोठे आवळला, यावर तो मोजत नाहीत. २०१७ च्या आदेशातील रीत वजाबाकीची आहे: वस्तूच्या एकूण किमतीतून जीएसटीसारखे देशांतर्गत अप्रत्यक्ष कर बाजूला ठेवायचे, उरलेल्या रकमेतून आयात केलेल्या घटकांची किंमत सीमाशुल्कासह वजा करायची, आणि जे उरेल त्याची एकूण किमतीशी टक्केवारी काढायची. टक्केवारी ५० किंवा अधिक असेल तर पुरवठादार ‘क्लास वन’, २० पासून ५० च्या आत असेल तर ‘क्लास टू’, आणि २० पेक्षा कमी असेल तर बिगर-स्थानिक. संबंधित मंत्रालय विशिष्ट वस्तूंसाठी याहून वेगळी टक्केवारी ठरवू शकते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पंपसंचाची करांशिवायची किंमत १,००,००० रुपये आहे आणि त्यात शुल्कासह ४८,००० रुपयांचे आयात भाग आहेत. स्थानिक हिस्सा ५२ टक्के झाला, म्हणजे क्लास वन. आता स्पर्धेपोटी कंपनीने भाव ९४,००० वर आणला. आयात भाग तेवढेच राहिले, म्हणून हिस्सा उरला ४६,००० भागिले ९४,०००, म्हणजे ४९ टक्क्यांच्या किंचित खाली. पंपात एक स्क्रूही बदलला नाही, तरी कंपनी क्लास वनमधून बाहेर पडली. कारण या वजाबाकीत नफासुद्धा स्थानिक हिश्शातच मोडतो, आणि भाव पाडताना आधी नफाच कापला जातो. रुपया घसरला तरी हेच घडते: तेच ४८,००० पाच टक्क्यांनी वाढून ५०,४०० झाले, तर पहिल्या किमतीलाही हिस्सा ४९.६ टक्के होतो.

हा भाग मी थोडा लांबवला, कारण लघुउद्योजकाच्या हातात जी काही ताकद आहे ती येथेच आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या कंपनीला आपला ५,००० रुपयांचा भाग केवळ ५,००० रुपयांचा नसतो. आयात होणारे तेवढ्याच किमतीचे कास्टिंग तिने कुपवाडला वळवले, तर तिचा हिस्सा पाच टक्क्यांनी वर जातो आणि जी निविदा हातची जाणार होती ती टिकते. पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्याच्या, खर्चाची आगाऊ रक्कम, वर्षभराच्या मागणीची लेखी हमी किंवा भावात थोडी वाढ मागण्याची वेळ तीच असते. मात्र त्यासाठी कंपनीची टक्केवारी कोठे उभी आहे याचा अंदाज आपल्याला हवा. ती आपणहून सांगत नाही, पण दाखल्याच्या मागणीतली घाई बरेच सांगून जाते.

बेअरिंग आम्ही मिरजेच्या व्यापाऱ्याकडून जीएसटी बिलावर घेतो. ते स्थानिकच धरायचे ना?

नाही. बिल मिरजेचे असले तरी बेअरिंग परदेशात बनलेले असेल, तर त्याची किंमत आयातीतच धरावी लागते. देशातील विक्रेत्याकडून घेतलेला आयात माल स्थानिक हिश्शात मोजता येत नाही, ही बाब जुलै २०२४ च्या दुरुस्तीने पुरेशी स्पष्ट झाली आहे. परदेशी कंपनीला दिलेले तंत्रज्ञान शुल्क आणि रॉयल्टी हीदेखील वजाच होतात. वाहतूक, विमा, उभारणी, प्रशिक्षण आणि देखभाल करार यांचा खर्च स्थानिक मूल्यवर्धन म्हणून दाखवता येत नाही, असा खुलासा मार्च २०२१ मध्येच झाला होता. तरीही तो दाखवणारे तक्ते मला आजही पाहायला मिळतात. व्यापाऱ्याकडे उत्पादनदेशाची लेखी माहिती मागावी आणि ती न मिळाल्यास तो भाग आयात धरूनच हिशेब करावा. टक्केवारी कमी दिसेल, पण झोप लागेल.

आमचे व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंग मशीन परदेशी आहे. त्यामुळे हिस्सा घटतो का?

या आदेशाखाली घटत नाही. वस्तूत असलेला आयात घटक वजा होतो. वस्तू ज्या यंत्रावर बनली ते यंत्र वस्तूत नसते.

क्लास वन असण्याचा प्रत्यक्ष फायदा काय?

ज्या वस्तूंबाबत देशात पुरेशी क्षमता आणि स्पर्धा आहे असे संबंधित मंत्रालयाने जाहीर केले आहे, त्या वस्तूंच्या निविदेत फक्त क्लास वन पुरवठादार भाग घेऊ शकतो. इतर निविदांत क्लास टू असणाऱ्यालाही प्रवेश असतो, पण प्राधान्य मिळत नाही. सर्वांत कमी भाव क्लास वनचा नसेल आणि खरेदी विभागून देण्यासारखी असेल, तर निम्मे काम कमी भाववाल्याला मिळते आणि उरलेल्या निम्म्यासाठी, ज्याचा भाव त्याच्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंतच जास्त आहे अशा क्लास वन पुरवठादाराला तोच कमी भाव मान्य करण्याची संधी दिली जाते. खरेदी विभागता येत नसेल तर संपूर्ण कामासाठी तशी संधी मिळते. ‘२० टक्के जादा भाव मिळतो’ ही समजूत चुकीची आहे. जादा काहीच मिळत नाही; खालच्या भावात काम करण्याचा पहिला अधिकार मिळतो, आणि तो भाव परवडतो का हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

२०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीखेरीज जागतिक निविदा काढता येत नाही, आणि पाच लाखांखालील खरेदीला हा आदेश लागू नाही. राज्य सरकार आणि नगरपालिका यांच्या स्वतःच्या पैशांतील खरेदीला राज्याचे नियम असतात, हेही ध्यानात ठेवावे.

गिऱ्हाईक कंपनी मागते त्या दाखल्यावर सही करावी का?

करावी, पण आपण स्वतः मोजलेल्या आकड्यावर आणि फक्त आपल्या मालापुरती.

निविदा भरणारी कंपनी सरकारला स्वयंघोषणा देते आणि मूल्यवर्धन कोठे होते ते ठिकाणही लिहून देते. खरेदी १० कोटींपेक्षा मोठी असेल, तर लेखापरीक्षकाचा किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला जोडावा लागतो. ती घोषणा खोटी ठरली तर सचोटीच्या संहितेचा भंग मानून कंपनीला दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर ठेवता येते. साहजिकच कंपनी आपला भार खाली सरकवते आणि ‘आमच्या सर्व पुरवठादारांचा माल शंभर टक्के भारतीय आहे’ असा छापील मजकूर सर्वांना पाठवते. ओतकामात आयात केलेले फेरो-अलॉय असू शकते, फॅब्रिकेशनमध्ये आयात पत्रा असू शकतो, कंट्रोल पॅनेलमध्ये तर निम्मे भाग बाहेरचे असतात. अशा वेळी शंभर टक्क्यांखाली सही करणे म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या डोक्यावर घेणे होय. छापील मजकूर बाजूला ठेवून आपल्या लेटरहेडवर भागाचे नाव, ड्रॉइंग क्रमांक, खरेदी आदेशाचा क्रमांक, आयात घटकाची टक्केवारी, उत्पादनाचे ठिकाण आणि दाखल्याची तारीख लिहावी. आपला स्वतःचा पुरवठादार बदलला, तर सुधारित दाखला आपणहून पाठवावा.

ही भीती पुस्तकी नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकींना केंद्राच्या ‘फेम’ योजनेतून मिळणाऱ्या अनुदानात देशी भागांची अट होती. ती पाळली गेली नाही अशा तक्रारी २०२२ मध्ये झाल्या, चौकशी झाली, आणि २०२३ मध्ये अनेक उत्पादकांचे अनुदान रोखून दिलेले पैसे परत मागण्यात आले. अनुदान थांबले की वरची कंपनी पहिल्यांदा काय थांबवते, हे या भागातील पुरवठादारांना वेगळे सांगायला नको.

चिनी सुटे भाग वापरले तर निविदा बाद होते का?

केवळ तेवढ्याने होत नाही. २३ जुलै २०२० च्या आदेशाने भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतील निविदाकारांना नोंदणीचे बंधन घातले. कच्चा माल, सुटे भाग किंवा उपजोडण्या अशा देशांतून घेण्यास त्या आदेशाने मनाई केलेली नाही. तयार वस्तू तेथून आणून जशीच्या तशी पुरवायची असेल, तर मात्र त्या विक्रेत्याची नोंदणी लागते. सुटे भाग वापरल्याने स्थानिक हिस्सा कमी होतो, हा वेगळा मुद्दा आहे. दोन नियम आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

माण, जत किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला सौर पंपासाठी थांबावे लागते. त्यामागे हाच नियम आहे का?

काही अंशी आहे. ‘कुसुम’ योजनेतील सौर पंपांसाठी पॅनेल देशी असून भागत नाही, त्यातील सेलही देशीच असावे लागतात. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी पंपाच्या किमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास ५ टक्के रक्कम भरतो. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. घरच्या छतावरील ‘सूर्यघर’ योजनेचे अनुदानही देशी सेलच्या पॅनेललाच मिळते. देशात पॅनेल जोडण्याची क्षमता झपाट्याने वाढली, सेल बनवण्याची क्षमता मागे राहिली, म्हणून देशी सेलचे पॅनेल महाग पडते आणि मागणी एकदम वाढली की तुटवडा जाणवतो. अर्ज, पाहणी आणि ठेकेदाराची निवड यांत जाणारा वेळ मात्र या नियमाच्या माथी मारणे बरोबर नाही.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीत नाव असलेले पॅनेल आणि देशी सेलचे पॅनेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलची यादी २०२१ पासून आहे, ती २०२३-२४ मध्ये वर्षभर स्थगित होती आणि १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. त्या यादीतल्या पॅनेलमध्ये आयात सेल असू शकत होते. सेलची दुसरी यादी १ जून २०२६ पासून लागू करण्याचे केंद्राने ठरवले, ते ही फट बुजवण्यासाठी. पंप घेताना ठेकेदार ‘यादीतले पॅनेल आहे’ म्हणाला, तर सेल कुठले आहेत हा प्रश्न शिल्लक राहतो.

आपल्या उद्योजकांना या साखळीत जागा आहे ती पॅनेलखालच्या जस्त चढवलेल्या लोखंडी सांगाड्यात, पंपात आणि मोटारीत. सेलमध्ये नाही, आणि लवकर होईल असेही मला वाटत नाही.

चाळकेवाडी, वनकुसवडे आणि ढालगावच्या पठारांवरील पवनचक्क्यांना असे काही नियम आहेत का?

जुन्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा नव्हते. जुलै २०२५ मध्ये नव्या व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पवनचक्क्यांच्या मान्यताप्राप्त यादीची पद्धत बदलली आणि पाते, टॉवर, गिअरबॉक्स, जनरेटर व विशेष बेअरिंग हे घटकही मान्यताप्राप्त उत्पादकांकडूनच घेण्याची अट घातली. पवनचक्कीचा विदा (डेटा) देशातच साठवण्याचे बंधनही त्यात आहे. या पठारांवरची लहान क्षमतेची जुनी यंत्रे काढून त्या जागी मोठी बसवायची झाली, तर नव्या यंत्रांना हे लागू होईल. टॉवरचे फॅब्रिकेशन आणि गिअरबॉक्सचे आवरण ही कामे आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या आवाक्याबाहेरची नाहीत, मात्र त्या आकाराची ओतकामे उचलणारी क्रेन आणि तपासणीची साधने किती जणांकडे आहेत, हे आधी मोजावे लागेल.

संरक्षण खात्याचे काम मिळवणे खरोखर शक्य आहे का?

शक्य आहे, पण पहिल्या दोन वर्षांत त्यातून पैसे सुटतील या अपेक्षेने त्यात पडू नये. २०२० च्या कार्यपद्धतीत देशात आरेखन, विकास आणि उत्पादन झालेल्या, किमान ५० टक्के स्वदेशी हिस्सा असलेल्या मालाच्या गटाला सर्वांत वरचे प्राधान्य आहे. ऑगस्ट २०२० मध्ये १०१ वस्तूंची पहिली यादी निघाली, ज्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद व्हायची होती. पुढे अशा आणखी याद्या आल्या. त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘सृजन’ पोर्टलवर सध्या आयात होणाऱ्या सुट्या भागांची माहिती मिळते, आणि एखादा भाग बनवण्याची तयारी लहान कारखानाही तेथे कळवू शकतो. अडचण संख्येची आहे. गाडीच्या भागाची मागणी महिन्याला हजारांत असते, तर तोफेच्या किंवा जहाजाच्या भागाची वर्षाला चाळीस. पॅटर्न, कोअर बॉक्स, धातूची चाचणी आणि नमुन्याची मंजुरी यांचा खर्च त्या चाळिसांवरच बसवावा लागतो. हा खर्च भावात स्पष्ट वेगळा दाखवावा. तो भावात मिसळून टाकला की पुढच्या मागणीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

पीएलआयचे पैसे आमच्यापर्यंत येतात का?

थेट येत नाहीत. चौदा क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची ही योजना मुख्यतः मोठ्या उत्पादकांसाठी आहे. वाहन क्षेत्राचा वाटा २५,९३८ कोटींचा असून त्यात ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट आहे आणि ते पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांकडून प्रमाणित व्हावे लागते. त्या प्रमाणपत्रासाठी खालच्या थरांतील पुरवठादारांच्या घोषणा गोळा केल्या जातात, म्हणजे पैसे वर थांबतात आणि कागद खालपर्यंत येतात. बॅटरी सेलच्या १८,१०० कोटींच्या योजनेत मूल्यवर्धन दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के करण्याचे बंधन घातले गेले. २०२२ मध्ये करार होऊनही ठरलेल्या मुदतीत क्षमता उभी राहिली नाही. सेल बनवण्याची यंत्रे, ती चालवणारे तंत्रज्ञ आणि शुद्ध रसायने यांपैकी काहीच टक्केवारी लिहून दिल्याने तयार होत नाही.

जागतिक व्यापार संघटनेला हे नियम चालतात का?

काही चालतात, काही चालत नाहीत, आणि भारत असे दोन मोठे खटले हरलेला आहे. १९९७ च्या वाहन धोरणात मोटार कंपन्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत ५० आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के देशीकरणाचा करार करावा लागे. अमेरिका व युरोपीय संघाच्या तक्रारीवरून ते नियमबाह्य ठरले. राष्ट्रीय सौर मोहिमेतील देशी सेल आणि पॅनेलची अट २०१६ मध्ये अपील पातळीवरही हरली. सरकारने स्वतःच्या वापरासाठी केलेल्या खरेदीला गॅट या जागतिक व्यापार कराराच्या तिसऱ्या कलमात सूट आहे, पण तेथे सरकार वीज विकत घेत होते आणि अट घातली होती पॅनेलवर. सूट विजेची, भेदभाव पॅनेलचा, म्हणून बचाव टिकला नाही. २०१७ चा आदेश सरकारी खरेदीपुरता आहे आणि भारत संघटनेच्या सरकारी खरेदी कराराचा सदस्य नाही, त्यामुळे त्याचा पाया अधिक भक्कम आहे. प्रोत्साहन योजनांतील मूल्यवर्धनाच्या अटींविरुद्ध चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये तक्रार केली. म्हणून केवळ अशा अटीवर उभ्या असलेल्या मागणीसाठी मोठे कर्ज काढून नवी लाइन टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हे जुने लायसन्स-परमिट राज परत आणणेच नव्हे काय?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर या मातीतच थोडेसे सापडते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभारला तो औंध संस्थानच्या अधिपतींनी जमीन आणि साहाय्य दिले म्हणून. ते स्थळ आज किर्लोस्करवाडी या नावाने सांगली जिल्ह्यात आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काचकारखाना आणि प्रभाकर कंदील घडला. संस्थानाने जागा दिली, पाठबळ दिले, पण लोखंडी नांगर घेण्याची सक्ती कोणत्याही शेतकऱ्यावर केली नाही. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी त्या वेळी समजूत होती. ती खोडून काढण्याचे काम नांगरालाच करावे लागले. पुढे परवान्यांच्या काळात आयातबंदीच्या आडोशाला जे कारखाने वाढले, त्यांतील अनेकांना गिऱ्हाईक खूश ठेवण्याची गरजच उरली नव्हती. उलट १९८३ पासून मारुतीच्या गाड्यांचे टप्प्याटप्प्याने देशीकरण झाले तेव्हा सुट्या भागांचा मोठा उद्योग देशात तयार झाला, कारण टक्केवारीबरोबर जपानी ड्रॉइंग, जपानी तपासणी आणि माल परत पाठवण्याची जपानी सवयही आली. आजच्या नियमांत टक्केवारी आहे, दर्जा आणि शिकवण यांचा भाग मात्र बराच पातळ आहे, असे माझे मत आहे.

आम्हाला विकायला संरक्षण मिळते, पण पत्रा महाग होतो. हा उपाय कसला?

एकाचा तयार माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, त्यामुळे ही तक्रार टळणारी नाही. एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलादी उत्पादनांच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क लागले. त्याचा लाभ मोठ्या पोलाद कंपन्यांना झाला आणि त्याची किंमत पत्रा वापरणाऱ्या लहान कारखान्यांनी मोजली. याला एकट्याने करता येण्याजोगा उपाय एकच: भावाच्या करारात कच्च्या मालाच्या दराशी बांधलेले बदलाचे कलम लिहून घेणे, आणि ते फक्त दर उतरताना लागू होणार नाही याची खात्री करणे.

उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघू उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा, यात काही उपयोग आहे का?

आहे, पण तो वेगळ्या आदेशाखाली. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करायची असते. आपला भाव सर्वांत कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तो कमी भाव मान्य करून आपल्याला हिस्सा मिळवता येतो. त्याहून मोठा उपयोग वसुलीचा आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, आणि २०२३ मधील आयकर दुरुस्तीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षाच्या खर्चात धरता येते.

कोणते कागद जपून ठेवावेत?

ज्या दाखल्यावर सही केली त्याची प्रत, त्यामागचा हिशेबाचा तक्ता आणि त्या तक्त्यातील प्रत्येक आकड्याचे बिल एकाच फाईलमध्ये असावे. थेट आयात असेल तर बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्क खात्याकडे भरलेला आयातीचा कागद), स्थानिक खरेदी असेल तर व्यापाऱ्याचे उत्पादनदेशाचे पत्र, आणि जॉबवर्कला पाठवलेल्या मालाची चलने त्यात लावावीत. हिशेब कोणत्या तारखेच्या विनिमय दराने केला ते तक्त्यावर लिहावे. चौकशी तीन वर्षांनी झाली की हाच प्रश्न पहिला येतो, आणि हिशेब करणारा मुलगा तोपर्यंत नोकरी सोडून चाकणला गेलेला असतो.